सावलीतील हिरवा ठेवा

बालाघाटच्या परिसरातील, परळी ते लातूर रोड या लोहमार्गावरील घाटनांदूर हे कोरड्या हवेचे गाव. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. अशा भागात घरामागच्या सावलीत नेचे, म्हणजेच फर्न, लावणे ही पाण्याची उधळपट्टी तर नव्हे? प्रश्न रास्त आहे. उत्तर जातीच्या निवडीत आहे.

नेच्याला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवर तो विपुल असला, तरी कोरडेपणा सोसणाऱ्या जातीही आहेत. मयूरशिखा दगडी भिंतींच्या फटींत उगवते. उन्हाळ्यात तिची पंख्यासारखी पाने आक्रसतात आणि पावसाबरोबर पुन्हा उलगडतात. हंसराजाची पाने कोरड्या ऋतूत वाळतात. जमिनीलगतचे खोड मात्र जिवंत राहते व पावसाळ्यात नवी पालवी देते. वाळला म्हणून तो उपटून टाकणे म्हणजे मंदीत उलाढाल थंडावली म्हणून पेढी मोडण्यासारखेच होय.

लागवडीसाठी उत्तरेकडील भिंतीलगतची जागा उत्तम. निव्वळ काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून तिच्यात कुजलेला पालापाचोळा, वाळू व विटांचे बारीक तुकडे मिसळावेत. खोडाचा शेंडा मातीत पुरू नये. वर वाळक्या पानांचे आच्छादन घातल्यास ओल टिकते. भाजी व डाळ-तांदूळ धुतलेले पाणी पुरेसे होते. साबणाचे किंवा मिठाचे पाणी मात्र टाळावे. रोपे रोपवाटिकेतूनच आणावीत, डोंगरातून खणून आणू नयेत.

पानांच्या पाठीवर रांगेने उमटलेले तपकिरी ठिपके पाहून अनेकजण कीड समजतात आणि औषध फवारतात. ती कीड नसून बीजाणूंचे पुंजके असतात. त्यांतूनच नेच्याचा वंश वाढतो. फवारणीपूर्वी पान उलटून नीट निरखले, तर नाहक होणारी हिंसा व खर्च दोन्ही टळतात.

ओल राखण्याचे महत्त्व १८२९ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना योगायोगाने उमगले. पतंगाच्या कोशासाठी मातीसह बंद केलेल्या बाटलीत नेचा उगवला. आतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत मुरत होती. त्यातूनच रोपे दूरदेशी नेणारी वॉर्डची काचपेटी जन्मली.

पाण्याचा प्रत्येक थेंब मोजणाऱ्या गावात बाग फुलवायची, ती याच हिशेबाने. आलेले जपावे, वापरलेले पुन्हा वापरावे आणि सुकलेल्याला पावसापर्यंत मुदत द्यावी.