अनुक्रमांक-निर्मिती, वितरित संगणनातील

जालकाने परस्परांशी जोडलेल्या अनेक संगणकांच्या समूहात निर्माण होणाऱ्या प्रत्येक नोंदीस, इतर कोणत्याही नोंदीस न मिळालेला व शक्यतो चढत्या क्रमातील अंक देण्याची क्रिया. अशा अंकास अभिज्ञापक म्हणतात. बँकेतील व्यवहार किंवा रुग्णाच्या रक्तचाचणीचा निष्कर्ष यांची ओळख संगणक नावावरून नव्हे, तर या अंकावरून पटवतो. दोन नोंदींना एकच अंक मिळाल्यास एक नोंद दुसरीच्या जागी लिहिली जाण्याचा धोका असतो आणि पुष्कळदा ही चूक घडताना कोणाच्याही लक्षात येत नाही.

एकाच संगणकावर हे काम सोपे असते. स्मृतीत एक गणित्र ठेवून प्रत्येक मागणीबरोबर त्यात एक मिळवला की पुरते. अनेक संगणकांनी मिळून एकच गणित्र वापरायचे ठरविल्यास मात्र प्रत्येक अंकासाठी जालकावरून एक फेरी करावी लागते. एकाच इमारतीतील संगणकांत अशा फेरीस सुमारे अर्धा मिलिसेकंद लागतो, तर दूरच्या दोन खंडांतील संगणकांत शंभराहून अधिक मिलिसेकंद लागू शकतात. शिवाय गणित्र सांभाळणारा संगणक बंद पडला, तर सर्वच काम थांबते.

या प्रश्नात तीन वेगवेगळ्या अपेक्षा मिसळलेल्या असतात : अनन्यता, क्रम आणि अखंडता (मध्ये एकही अंक न गळणे). त्यांतील अखंडता सर्वांत महाग पडते. अंक घेतल्यानंतर व्यवहार फसला तर तो अंक वाया जातो. हे टाळायचे, तर आधीचा व्यवहार पुरा होईपर्यंत पुढच्याने थांबले पाहिजे. ही अपेक्षा बहुधा सवयीपोटीच बाळगली जाते. ती जेथे कायद्याने येते, तेथेही तिला मर्यादा असतात. भारतात २०१७ मध्ये लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार कर-बीजकास सोळा अक्षरांपर्यंतचा सलग क्रमांक लागतो. परंतु तो वित्तीय वर्षापुरताच अनन्य असावा लागतो आणि क्रमांकांच्या एकाहून अधिक मालिका ठेवता येतात. म्हणजे प्रत्येक शाखेस स्वतःची मालिका चालविता येते व सर्व शाखांत एकमत घडवीत बसण्याचे कारण उरत नाही.

अखंडतेचा आग्रह सोडला की मार्ग मोकळा होतो. उत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांना निरनिराळी पावतीपुस्तके वाटून देतात, त्याप्रमाणे मध्यवर्ती संगणक इतरांना अंकांचे गट्ठे देतो. गट्ठा संपेपर्यंत कोणी कोणास विचारत नाही. मात्र अंकांवरून नोंदींचा कालक्रम कळत नाही आणि संगणक बंद पडल्यास उरलेले अंक फुकट जातात. हीच युक्ती वेगळ्या रीतीने वापरून गूगलच्या पर्कोलेटर प्रणालीने (२०१०) क्रमही राखला. तेथे मध्यवर्ती संगणक एकच असून तो मोठ्या गट्ठ्याची वरची मर्यादा आधीच कायम स्मृतीत लिहून ठेवतो आणि त्यातील अंक जलद स्मृतीतून वाटतो. अनेक मागण्या एकत्र करून पाठविल्यामुळे असा एक संगणक सेकंदाला सुमारे २० लाख अंक देऊ शकत असे.

दुसरा मार्ग काळाचा आधार घेण्याचा. ट्विटर (२०२३ पासून एक्स) या कंपनीने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्नोफ्लेक पद्धतीत ६४ बिटांच्या अंकातील ४१ बिटे मिलिसेकंदांतील वेळेसाठी, १० बिटे संगणकाच्या क्रमांकासाठी व १२ बिटे त्याच मिलिसेकंदातील मोजणीसाठी राखलेली आहेत. त्यामुळे १,०२४ संगणकांपैकी प्रत्येकास एका मिलिसेकंदात ४,०९६ अंक कोणासही न विचारता देता येतात. वेळेसाठी राखलेली बिटे सुमारे ६९ वर्षे पुरतात.

या पद्धतीची खरी दुबळी जागा घड्याळ ही आहे. संगणकातील स्फटिकाचे घड्याळ हळूहळू चुकत जाते व प्रमाण वेळेशी जुळविताना कधीकधी मागे सरकविले जाते. अशा वेळी आधी दिलेलाच अंक पुन्हा दिला जाण्याची शक्यता असते. म्हणून घड्याळ मागे गेल्याचे दिसताच स्नोफ्लेक अंक देण्याचे नाकारते. थोडा वेळ काम अडले तरी चालेल, पण दुहेरी अंक नको, ही निवड योग्यच म्हटली पाहिजे. वेगवेगळ्या संगणकांच्या घड्याळांत थोडे अंतर राहतेच, त्यामुळे असा क्रम स्थूल असतो. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ मध्ये घड्याळाऐवजी गणित्र सुचविले. संदेशासोबत आलेल्या अंकापेक्षा आपले गणित्र पुढे नेले, की कारणाचा अंक परिणामाच्या अंकापेक्षा नेहमी लहान राहतो. उलट गूगलच्या स्पॅनर प्रणालीत (२०१२) उपग्रह व आणवीय घड्याळे वापरून वेळेतील अनिश्चितताच मोजतात आणि ती सरेपर्यंत थांबतात.

केवळ अनन्यता हवी असल्यास यादृच्छिक अंकही चालतो. १२८ बिटांच्या सार्वत्रिक अभिज्ञापकाच्या चौथ्या प्रकारात १२२ बिटे यादृच्छिक असतात. दोन अंक जुळण्याची संभाव्यता निम्म्यावर येण्यास सुमारे २·७ × १०<sup>१८</sup> अंक काढावे लागतील. परंतु असे विस्कळीत अंक सूचीत कोठेही घुसतात व साठवणीचा वेग मंदावतो. त्यावर उपाय म्हणून मे २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या सातव्या प्रकारात पहिली ४८ बिटे वेळेस दिलेली आहेत.

चढत्या क्रमाचा एक तोटा संगणकपूर्व काळापासून ज्ञात आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांवरील अनुक्रमांकांवरून ऑगस्ट १९४२ मधील उत्पादन ३२७ असल्याचे अनुमान काढले. हेरखात्याचा अंदाज १,५५० होता आणि युद्धानंतर सापडलेल्या कागदपत्रांत ३४२ हा आकडा मिळाला. म्हणून ग्राहकास दिसणारा क्रमांक आणि आतील अनुक्रमांक पुष्कळदा वेगळे ठेवतात.