लोखंडाची लेणी

ज्या शहरातील माणसाला सकाळी कचेरी आणि सायंकाळी घर गाठण्यासाठी मोटारींच्या रांगेत आयुष्याचे तासामागून तास वेचावे लागतात, त्या शहराच्या दैनिकाने पहिल्या पानावर मोटारींचे कौतुक मांडावे, याचे वाचकांना नवल वाटेल. धूर, कर्कश हॉर्न, बँकेचा हप्ता आणि गाडी उभी करण्याच्या जागेवरून शेजाऱ्याशी होणारा तंटा, एवढाच मोटारीचा परिचय आज आम्हांला उरला आहे. परंतु एके काळी मोटार ही सतारीसारखी, एकेक करून, हाताने घडविली जाणारी वस्तू होती. तिच्यात कारागिराचे बोट दिसत असे. तो काळ जेथे शाबूत राखलेला आहे, असे एक स्थान फ्रान्सच्या पूर्व सीमेवर आहे. त्या स्थानाची कथा मोटारींपुरती असती, तर ती आम्ही रविवारच्या पुरवणीकडे सोपविली असती. ती धन, छंद आणि श्रम यांच्या नात्याची कथा आहे; म्हणून ती येथे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आल्सास प्रांतातील म्यूलूझ हे जुने गिरण्यांचे गाव. १७४६ मध्ये तेथे कापडावर छपाईचा धंदा सुरू झाला आणि पुढे धुराड्यांची इतकी गर्दी झाली, की लोक त्या गावाला फ्रान्सचे मँचेस्टर म्हणू लागले. याच गावातील एका जुन्या लोकरीच्या गिरणीच्या इमारतीत आज चारशेहून अधिक मोटारी उभ्या आहेत. १८७८ च्या वाफेवर चालणाऱ्या जाको गाडीपासून शर्यतींच्या मैदानावर नाव काढलेल्या मासेराती, गोर्दिनी, फेरारी, मर्सिडीजपर्यंत मोटारीचा सारा वंशवृक्षच तेथे एका छपराखाली नांदतो. त्यांत एकट्या बुगाटी घराण्याच्या गाड्या १२० हून अधिक आहेत. हा संग्रह कोणा सरकारने केला नाही, विद्यापीठाने केला नाही. हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या दोन भावांनी, आणि त्यांतही विशेषेकरून धाकट्या फ्रिट्झने, तो केला.

श्लुम्फ बंधूंचे वडील स्विस आणि आई म्यूलूझची. फ्रिट्झने लोकरीच्या दलालीपासून आरंभ केला आणि दोघा भावांनी मिळून एकामागून एक गिरण्या हाती घेतल्या. १९५७ मध्ये म्यूलूझची ही गिरणी त्यांच्याकडे आली. फ्रिट्झला तरुणपणापासून एकच वेड होते, ते बुगाटीचे. हे वेड समजून घ्यावयाचे तर बुगाटी म्हणजे काय, हे थोडे जाणून घेतले पाहिजे.

एत्तोरे बुगाटी हा १८८१ मध्ये मिलानमध्ये जन्मलेला इटालियन. त्याने १९०९ मध्ये आल्सासमधीलच मोल्सहाइम येथे आपला कारखाना थाटला. त्याचा भाऊ रेम्ब्रांट हा प्राण्यांची शिल्पे घडविणारा नामांकित मूर्तिकार होता. आणि एत्तोरेच्या गाड्या पाहिल्या म्हणजे शिल्पाचा हा वारसा दोघांनीही आपसांत वाटून घेतला होता, असेच वाटते. १९२४ मध्ये ल्यों येथील शर्यतीत उतरलेली त्याची टाइप ३५ ही गाडी पाहा. तिची चाके ॲल्युमिनियमची, आठ रुंद आऱ्यांची, ब्रेकच्या ड्रमासह एकसंध ओतलेली. पुढचा आस पोकळ, आणि स्प्रिंगा त्या आसाच्या पोटातून आरपार गेलेल्या. सौंदर्य आणि उपयोग यांचा येथे झगडा नाही. जे वजनाने हलके तेच डोळ्यांना देखणे. सिसिलीच्या डोंगरांतील तार्गा फ्लोरिओ ही शर्यत या घराण्याच्या गाड्यांनी १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे जिंकली. १९२९ मध्ये मोनॅकोला पहिली ग्रां प्री झाली, तीही बुगाटीनेच मारली.

याच माणसाने पुढे राजेमहाराजांसाठी म्हणून रोयाल नावाची गाडी योजिली. तिचे इंजिन पावणेतेरा लिटरांच्या घरातले, आणि समोर, रेडिएटरच्या माथ्यावर, रेम्ब्रांटने घडविलेला सोंड उंचावलेला हत्ती. पंचवीस गाड्या बांधण्याचा संकल्प होता. जागतिक मंदी आली. सहाच बांधून झाल्या आणि गिऱ्हाइके मिळाली ती तिघेच. त्यांत राजा एकही नव्हता. राजांसाठी घडविलेली ती इंजिने अखेर फ्रान्सच्या रेल्वेच्या डब्यांत बसविली गेली आणि चार पैशांचे तिकीट काढणाऱ्या सामान्य उतारूंना त्यांनी वाहून नेले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी; आमच्या कथेचा शेवटही काहीसा असाच आहे.

या गाड्यांच्या मागे फ्रिट्झ श्लुम्फ लागला तो एखादा साधक देवतेच्या मागे लागावा तसा. बुगाटीच्या मालकांची यादी मिळवून त्याने त्यांना पत्रे धाडली आणि युरोपभरच्या कोठारांतून, गोठ्यांतून, गॅरेजांतून गाड्या बाहेर काढल्या. १९६३ मध्ये बुगाटीचा कारखानाच दुसऱ्या हाती गेला, तेव्हा तेथे उरलेल्या गाड्या त्याने घेतल्या. त्यांत एत्तोरेची स्वतःची रोयाल होती. ‘कूपे नेपोलियन’ या नावाने ती जगास ठाऊक आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात जॉन शेक्सपिअर नावाच्या गृहस्थाकडे ३० बुगाटी गाड्या होत्या. सुमारे ८५ हजार डॉलर मोजून फ्रिट्झने त्या सगळ्याच्या सगळ्या उचलल्या आणि १९६४ मध्ये त्या आगगाडीच्या उघड्या डब्यांवरून बंदराकडे निघाल्या. दुसरी रोयाल, इंग्लंडच्या पार्क वॉर्डने साज चढविलेली, याच ताफ्यातून आली. सहांपैकी दोन रोयाल एका माणसाच्या पदरी पडल्या.

जमविणे हा संग्रहाचा अर्धाच भाग. गंजलेला सांगाडा पुन्हा उभा करणे हे त्याहून कठीण. जुन्या मोटारीचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. ते नव्याने घडवावे लागतात. पत्र्याखालची लाकडी चौकट कुजलेली असते, ती सुताराने पुन्हा जोडावी लागते. कातड्याची बैठक, पितळी दिवे, रंगाचे थरावर थर, प्रत्येकासाठी निराळा हात लागतो. श्लुम्फ बंधूंनी सुतार, गवंडी, खोगीरकाम करणारे, यंत्रकार अशी सुमारे ४० माणसे या कामावर नेमली आणि कोठेही वाच्यता करणार नाही, असे त्या सर्वांकडून लिहून घेतले. गिरणीतील १७ हजार चौरस मीटरांची जागा मोकळी झाली. पॅरिसमधील तिसऱ्या अलेक्झांडरच्या नावाच्या पुलावर जसे दिव्यांचे खांब आहेत, तसे शेकडो खांब तेथे ओळीने उभे राहिले. त्या खांबांच्या प्रकाशात, खडी घातलेल्या वाटांच्या कडेने, एकेक गाडी आपल्या जागी येऊन थांबली. हे सारे बंधूंनी आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केले होते. दार मात्र बंद होते. शहरात कुजबूज होती. पण आत काय आहे, हे शहराला ठाऊक नव्हते.

बंद दाराच्या आत वैभव वाढत होते, तेव्हा बाहेर लोकरीच्या धंद्याला उतरती कळा लागली होती. १९७६ मध्ये कामगारकपातीची भाषा सुरू झाली, संप झाले, आणि श्लुम्फ बंधू सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी निघून गेले. ७ मार्च १९७७ रोजी कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते दार तोडले. आत त्यांनी काय पाहिले असेल? ज्यांच्या हातची नोकरी सुटली होती, त्यांच्यासमोर दिव्यांच्या खांबांखाली झळाळणाऱ्या मोटारींच्या रांगा उभ्या होत्या. गिरण्यांचा पैसा कोठे मुरला, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळाले, असे त्यांना त्या क्षणी वाटले असल्यास त्यांना दोष कोण देईल?

संतापाला त्या दिवसांत त्यांनी एक बळी दिला. दुरुस्त न केलेली एक लहानशी ऑस्टिन गाडी त्यांनी जाळली. चारशेहून अधिक गाड्यांतील एक! रोयालच्या काचा फुटल्या नाहीत, टाइप ३५ च्या चाकांवर घण पडला नाही. हातोडे त्यांच्यापाशी होते आणि ते चालविण्यास कारणही होते. त्यांनी केले ते एवढेच, की दार उघडले आणि लोकांना आत बोलाविले. सुमारे दोन वर्षे ते संग्रहालय कामगारांच्या ताब्यात होते आणि तेवढ्या काळात लाखो लोक ते पाहून गेले. जे धनिकाने वर्षानुवर्षे झाकून ठेवले होते, ते बेकारांनी जगाला दाखविले.

पुढचे काम शासनाने केले. १९७८ मध्ये हा संग्रह ऐतिहासिक स्मारक म्हणून घोषित झाला. त्यामुळे तो फोडून परदेशांत विकण्याचा मार्ग बंद झाला. १९८१ मध्ये म्यूलूझ शहर, जिल्हा, प्रांत आणि मोटार उद्योगातील संस्था यांनी मिळून ४ कोटी ४० लाख फ्रँकांना तो विकत घेतला आणि १० जुलै १९८२ रोजी राष्ट्रीय संग्रहालय म्हणून त्याचे दार रीतसर उघडले. हान्स १९८९ मध्ये आणि फ्रिट्झ १९९२ मध्ये निवर्तला. संग्रहालयाच्या नावात श्लुम्फ हे नाव आज आहे.

ते असावे, असेच आमचे मत आहे. फ्रिट्झ श्लुम्फ हा निव्वळ लोभी माणूस होता, असे आम्हांस वाटत नाही. ज्या दिवसांत या गाड्या भंगाराच्या भावाने जात होत्या, त्या दिवसांत त्याने त्यांचे मोल ओळखले. त्याची दृष्टी नसती, तर आज जे पाहून मोटारीचा अभ्यासक आणि शाळकरी पोर सारखेच हरखतात, त्यातील किती तरी केव्हाच वितळून गेले असते. रसिकता हा गुन्हा नव्हे. परंतु रसिकतेच्या नावावर सर्व खाती माफ होत नाहीत. कामगाराच्या घरची चूल थंडावत असताना मालकाच्या दालनातील दिवे झळकत राहावेत, यातील विसंगती कोणत्याही कलाप्रेमाने झाकली जात नाही. आईच्या स्मृतीला वाहिलेले मंदिर ज्यांच्या श्रमावर उभे राहते, त्यांच्याही घरी आया असतात.

म्हणून या संग्रहाचे श्रेय वाटावयाचे झाल्यास आम्ही त्याचे तीन वाटे करू. एक ज्याने जमविले त्याचा. दुसरा ज्या ४० कारागिरांनी मुकाट्याने त्यात पुन्हा प्राण ओतला त्यांचा. आणि तिसरा ज्यांनी हातात घण असताना तो खाली ठेवला त्या कामगारांचा. पहिल्याचे नाव पाटीवर आहे. उरलेल्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. अजिंठ्याच्या भिंती रंगविणाऱ्यांची तरी कोठे माहीत आहेत?

१९८२ हे साल आमच्या वाचकांना निराळ्या कारणाने स्मरते. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावचे भोंगे एकेक करून मुके झाले. म्यूलूझची गिरणी संग्रहालय होऊन लोकांस खुली झाली ती त्या उन्हाळ्यात. दोन्ही लढ्यांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांची कारणे निराळी, मापे निराळी. परंतु आमच्याकडे साचे आणि माग भंगारात गेले, धुराडी पाडली गेली आणि त्या जमिनींवर मनोरे उठले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या यंत्रांनी हे शहर घडविले, त्यांतील किती आपण पुढच्या पिढीसाठी राखली, याचा हिशेब आपला आपणच मांडावा.

म्यूलूझला आज कोणीही तिकीट काढून त्या दिव्यांच्या खांबांखालून फिरू शकतो. शर्यतीच्या गाड्या तेथे आरंभरेषेवर उभ्या असाव्यात तशा रांगेने मांडल्या आहेत. निशाण पडण्याचाच काय तो अवकाश. राजांसाठी योजिलेली रोयाल पाहावयास आता राजा असावे लागत नाही. सौंदर्य धनिकाच्या पेटीत जन्मभर कोंडून राहू शकते. ते चिरंजीव होते ते मात्र सर्वांच्या मालकीचे झाल्यावरच. हा धडा त्या गावाला कोणा पंडिताने दिला नाही. नोकरी गमावलेल्या, पण विवेक न गमावलेल्या गिरणी कामगारांनी तो दिला. त्या चारशे मोटारींना मुजरा करताना आमची मान प्रथम त्यांच्यापुढे लवते.