सांध्यांवर टिकलेला रस्ता

रोमच्या जुन्या भागात रस्त्याची डागडुजी चालू दिसली, तर दोन मिनिटं थांबून पाहावं. कारागीर गुडघे टेकून बसलेला, शेजारी काळ्या दगडांचा ढीग. एकेक दगड उचलायचा, हातात फिरवून सपाट तोंड वर आणायचं, वाळूत रोवायचा आणि हातोडीचे ठोके देऊन शेजाऱ्याच्या पातळीत आणायचा. या दगडाला तिथे ‘सॅम्पिएत्रिनो’ म्हणतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तो या शहराच्या पायाखाली आहे. वरचं तोंड साधारण १२ सेंटिमीटर चौरस आणि खालचा भाग निमुळता.

हा दगड जवळच्या अल्बान टेकड्यांतल्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हाही लाव्ह्याचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीवर आलेला लाव्हा लवकर निवतो. स्फटिकांना वाढायला सवड मिळत नाही, ते बारीक राहतात आणि एकमेकांत घट्ट गुंततात. ताजा, न झिजलेला बेसाल्ट दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटनहून जास्त दाब सहज पेलतो. पेव्हर ब्लॉकचं काँक्रीट साधारण ३० ते ५५ न्यूटनचं असतं.

मग याच दगडाची मोठी फरशी का घालत नाहीत? लांब खडू बोटांनी चटकन मोडतो. त्याचाच पेराएवढा तुकडा मोडून पाहा, मोडत नाही. दगडाचंही तसंच आहे. तो दाब सोसतो, वाकणं सोसत नाही. मोठ्या फरशीखालची वाळू एका कोपऱ्यात खचली, की चाकाच्या भाराने ती वाकू पाहते आणि तडकते. छोट्या चौकोनी दगडाला वाकायला लांबीच नसते.

खरं काम मात्र सांध्यांत चालतं. फटींत ठासलेल्या वाळूचे कण घर्षणाने दगडाला धरून ठेवतात. एका दगडावर चाक आलं, की भाराचा काही भाग शेजारचे दगड उचलतात. दगडाचा दहा मीटर अखंड पट्टा ४० अंशांनी तापला, तर दोन-तीन मिलिमीटर वाढेल. इथे ती वाढ शेकडो फटींत जिरते. पावसाचं थोडं पाणीही तिथूनच जमिनीत उतरतं.

म्हणूनच वाळूवर बसवलेल्या दगडांच्या फटी सिमेंटने बुजवणं चुकीचं आहे. खालचा थर हलतो, सिमेंट हलत नाही. ते तडकतं, तड्यातून पाणी शिरतं आणि वाळू वाहून जाते. कडेला पक्की किनार नसेल, तर दगड हळूहळू बाहेर सरकतात, फटी रुंदावतात आणि सगळी वीण सैल होते.

या दगडांचे तोटेही आहेत. घासून गुळगुळीत झाले, की ते पावसात निसरडे होतात. शिवाय त्यांच्यावरून वेगाने जाणाऱ्या गाड्यांचा खडखडाट होतो. म्हणून चौक, गल्ल्या, देवळांची आणि बाजारांची आवारं हीच त्यांची जागा. पाइप टाकायला असा रस्ता उकरला, तर दगड बाजूला रचून ठेवता येतात आणि तेच पुन्हा बसवता येतात. डांबर उकरलं, की उरतो तो राडारोडा.

दगड घडवणारे आणि बसवणारे हात आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांना भक्कम पाया, पक्की किनार आणि पुरेसा वेळ देणं आपल्या हातात आहे. पावसाळ्यात एखादा ब्लॉक पायाखाली डुगडुगला आणि चिखलाची पिचकारी उडाली, तर तो बदलण्याआधी उचलून पाहा. बहुतेक वेळा ब्लॉक धड असतो, खालची वाळू गेलेली असते.