सहा फाशी आणि एक दडवलेला जबाब

जून 2003 मध्ये नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने 2006 मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. 30 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली.

बच्चन सिंग खटल्यात 1980 सालीच ठरले होते की फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणातच द्यायची, आणि ती देताना गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहायचा: त्याचे वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबद्दल वेगळी सुनावणी कायद्यात आहे, ती याचसाठी. 2009 च्या निकालाने मात्र 1996 च्या रावजी खटल्याचा आधार घेतला. त्या खटल्यात गुन्हेगाराच्या परिस्थितीला गौण ठरवले होते. जेमतेम दोन आठवड्यांनी, महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने सांगितले की रावजीचा निकाल बच्चन सिंगच्या विरुद्ध जातो. तरीही सहाही जण फाशीच्या छायेतच राहिले. 2012 मध्ये 14 निवृत्त न्यायमूर्तींनी अशा चुकीच्या आधारावर फाशी सुनावलेल्यांसाठी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली, त्यांत यांचेही प्रकरण होते. सहांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे पुढे निष्पन्न झाले.

पण शिक्षेच्याही आधीचा प्रश्न होता: गुन्हा यांनी केला होता का?

हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेच, पोलिसांकडच्या सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चौघांना ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्यांचा तपास झाला नाही, आणि ओळख पटवल्याचा तिचा हा जबाब सरकारी पक्षाने न्यायालयापुढे आणला नाही. सरकारी वकिलाचे काम आरोपीला दोषी ठरवून घेणे एवढेच नाही. आरोपीच्या बाजूचा पुरावाही समोर ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. संविधानाच्या 22 व्या कलमाने अटकेची कारणे कळण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला. गरिबाला मोफत वकील मिळालाच पाहिजे, हे 1978 च्या होसकोट खटल्यात ठरले. मात्र जो जबाब दडवलाच गेला, त्यावर वकील उलटतपासणी करणार कशी?

इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. तरीही दरोडा पडला की पोलिसांचा संशय आजही आधी भटक्यांच्या पालावर जातो. या सहा जणांकडे शिक्षण नव्हते, पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या.

5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. तोवर सोळा वर्षे होत आली होती. त्या स्त्रीने ज्यांच्याकडे बोट दाखवले होते, त्यांच्या मागावर वेळीच कुणी गेले नाही. आरोपींचे हक्क डावलले गेले, आणि न्याय तिलाही मिळाला नाही.