माहिती चौकट : मिरची एकच, जळजळ वेगळी

वेदना म्हणजे काय? प्रत्यक्ष किंवा संभाव्य इजेशी जोडलेला अप्रिय शारीरिक व भावनिक अनुभव. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेची व्याख्या १९७९ची. २०२० मध्ये सुधारित.

जागेचा फरक
• हिरव्या मिरचीतले कॅप्सेसिन ‘टीआरपीव्ही१’ हा संवेदना टिपणारा ग्राही चेतवते. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेनेही तोच चेततो, म्हणून तिखट ‘भाजते’. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल (विभागून).
• जिभेवर आग लगेच. तळहाताची त्वचा जाड. तिथे उशिरा, पण तासन् तास. डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पटलात मज्जातंतूंची टोके अतिशय दाट. तिथे सर्वांत असह्य.
• कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. हाताला आधी तेल, मग साबण. (डोळ्यांसाठी मात्र फक्त भरपूर पाणी.)
• कापूस वेचताना बोंडाची सुकी टोके बोटांना बोचतात. टोचणी नेमकी कुठे ते कळते, कारण बोटाच्या टोकाला २-३ मिलिमीटरवरचे दोन स्पर्श वेगळे कळतात. पाठीला सुमारे ४ सेंटिमीटर अंतर लागते.

लक्षाचा फरक
• संशोधक मेलझॅक-वॉल यांचा ‘द्वार सिद्धांत’, १९६५ : वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच कमी-अधिक होतो. दुखरी जागा चोळल्याने बरे वाटते ते यामुळे.
• लक्ष दुसरीकडे गुंतले की मेंदूकडून खाली येणारे संकेत तो संदेश दाबतात. वेदना कमी जाणवते. इजा तेवढीच राहते.

जागा चुकते तेव्हा : हृदयविकाराची कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणवू शकते. अशा वेळी १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.