वाळवंटात गाडी अडली तर...

गेल्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी रक्तदाब तपासायला आले. मुलगा ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला नोकरीस आहे. तो आई-वडिलांना बर्ड्‌सव्हिल ट्रॅक या वाळवंटी रस्त्याने मोटारीतून नेणार आहे. "डॉक्टरसाहेब, कोणती इंजेक्शने घेऊ?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "गुरुजी, आधी पाण्याचा हिशेब करा."

मारी ते बर्ड्‌सव्हिल हा सुमारे ५१७ किलोमीटरचा बहुतांशी कच्चा रस्ता. वाटेत पेट्रोल मिळते ते मुंगेरॅनीला. बहुतेक ठिकाणी मोबाईल लागत नाही. डिसेंबर १९६३ मध्ये, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, याच वाटेवर एका कुटुंबातील पाचही जण तहानेने दगावले. ते गाडी सोडून गेले होते.

कडक उन्हात चालणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. मग लघवी गडद व थोडी होते, डोके दुखते, नाडी जलद चालते. पुढे शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले की माणूस असंबद्ध बोलू लागतो. हाच उष्माघात. अशा वेळी डोके नीट चालत नाही. म्हणून निर्णय घरीच पक्का करावा : गाडी अडली तर गाडी सोडायची नाही. तिची सावली मिळते आणि विमानातून माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. तिथे १९२८ पासून विमानाने डॉक्टर पोचवण्याची सेवा आहे; पण तुम्ही सापडायला तर हवे!

प्रवास मे ते ऑगस्टमध्ये करावा. पाणी माणशी रोज दहा लिटर धरावे व काही दिवसांचे जादा घ्यावे. ते एकाच टाकीत न ठेवता वेगवेगळ्या कॅनमध्ये भरावे. रेडिएटरचे पाणी कधीही पिऊ नये. जलसंजीवनीची पाकिटे, सॅटेलाइट फोन आणि दोन सुटी चाके बरोबर असावीत. कधी पोचणार, हे कुणाला तरी सांगून निघावे. इन्सुलिन थंड पिशवीत ठेवावे.

कुणाला उष्माघात झालाच, तर सावलीत निजवून अंग ओले करावे, वारा घालावा आणि मदत मागवावी. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये.

गुरुजींच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे. उन्हात ते पाणी आणखी घटवते. गोळी मनाने बंद करू नये, पण निघण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे. गुरुजींना मी महिनाभर आधी पुन्हा बोलावले आहे.