हस्तधारी जीपीएस ग्राही : संकेतग्रहणातील दोष

जागतिक स्थाननिर्धारण प्रणालीच्या (जीपीएस) उपग्रहांकडून येणारे रेडिओ संकेत ग्रहण करून स्वतःचे अक्षांश, रेखांश व उंची दाखविणारे, हातात मावणारे उपकरण म्हणजे हस्तधारी जीपीएस ग्राही होय. वनरक्षक, भूमापक, भूवैज्ञानिक व गिर्यारोहक यांच्या ते नित्य वापरात असून महाराष्ट्रात वनहक्क दाव्यांतील जमिनींच्या मोजणीसाठीही ते वापरले गेले आहे. संकेत दुर्बल झाले, तरी हे उपकरण बहुधा गप्प बसत नाही. पडद्यावर आकडे उमटतच राहतात. त्यामुळे संकेत मुळीच न मिळण्यापेक्षा ते अपुरे वा विकृत स्वरूपात मिळणे हा दोष अधिक फसवा ठरतो. पानझडी अरण्ये, विस्तीर्ण जलाशय, मँगॅनिजच्या खाणी आणि आयनांबराच्या दृष्टीने अवघड असे अक्षांश ही सर्व एकत्र असल्याने या दोषांची बहुतेक कारणे एकट्या भंडारा जिल्ह्यात पाहावयास मिळतात.

या प्रणालीचा पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजी सोडण्यात आला. उपग्रह सु. २०,२०० किमी. उंचीवरून सहा कक्षांत फिरतात. त्यांचा मुख्य नागरी संकेत १,५७५.४२ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा, म्हणजे सु. १९ सेंमी. तरंगलांबीचा असतो. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्याची शक्ती एका वॉटच्या एक कोटी अब्जाव्या भागाइतकीच उरते. स्थान ठरविण्यासाठी निदान चार उपग्रहांचे संकेत एकाच वेळी मिळावे लागतात. नागरी संकेतांत अमेरिका हेतुपुरस्सर घालीत असलेली चूक मे २००० मध्ये बंद झाली. तेव्हापासून मोकळ्या जागी साधे उपकरणही काही मीटरांपर्यंत अचूक स्थान देते.

दोष उपकरणात आहे की जागेत, हे प्रथम ठरवावे. त्यासाठी कापणी झालेल्या धानाच्या बांधीसारख्या सर्व बाजूंनी आकाश मोकळे असलेल्या ठिकाणी उपकरण स्थिर ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. ही मुदत मनमानी नव्हे. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची सूक्ष्म माहिती दर ३० सेकंदांनी प्रसारित करतो व ती सु. चार तास उपयोगी पडते. परंतु सर्व उपग्रहांचे स्थूल वेळापत्रक पूर्ण मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात. महिनोन्‌महिने पेटीत पडून राहिलेले किंवा शेकडो किमी. दूर नेलेले उपकरण आकाशात भलतीकडेच शोध घेत असते. पाच मिनिटांत ते नादुरुस्त ठरविणे हा घाईचा निकाल होय. जुन्या उपकरणांत तारीखही तपासावी. प्रणालीतील आठवड्यांची गणना १०२४ झाली की शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये असे घडल्यानंतर काही उपकरणे सु. वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागली. त्यांतील आज्ञावली अद्ययावत करणे हाच त्यावर उपाय आहे. मोकळ्या जागी उपकरण नीट चालले, तर दोष त्याचा नव्हे, हे निश्चित समजावे.

ढगांमुळे किंवा पावसामुळे संकेत अडतो, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. या कंप्रतेच्या तरंगांवर ढग व पावसाचे थेंब यांचा परिणाम नगण्य असतो. पावसाळ्यात अरण्यात संकेत मंदावतो तो पानांमुळे आणि पानांवरील पाण्यामुळे. कोका अभयारण्यासारख्या वनांत साग, ऐन, मोह, तेंदू व बांबू यांचा पर्णसंभार आषाढ-श्रावणात पूर्ण भरलेला असतो. अशा ओल्या छताखाली संकेताची शक्ती दशांशापर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरू शकते. सागाची पानगळ झाल्यावर उन्हाळ्यात तीच जागा जवळजवळ निर्दोष ठरते. म्हणून कायम नोंद ठेवावयाचे बिंदू उन्हाळ्यातच घ्यावेत. ते शक्य नसल्यास जवळच्या उघड्या जागी स्थान घेऊन तेथून होकायंत्र व फीत यांनी अंतर मोजावे. ही जुनी रीत आजही अधिक भरवशाची आहे.

उपकरण धरण्याच्या पद्धतीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. आकाशक (अँटेना) चपट्या चकतीच्या आकाराचा असल्यास उपकरण आडवे, पडदा आकाशाकडे करून धरावे. मळसूत्री आकाशक असल्यास ते उभे धरावे. मानवी शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने ते या तरंगांचे शोषण करते. छातीशी धरलेल्या उपकरणाला पाठीमागचे निम्मे आकाश दिसतच नाही. ‘गगन’ ही भारतीय अवकाश संशोधन संघटना व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची सुधारक प्रणाली भूस्थिर उपग्रहांतून दुरुस्त्या पुरविते. हे उपग्रह विषुववृत्तावर असल्याने भंडाऱ्याहून ते सदैव दक्षिण आकाशात असतात. सबब दुरुस्त्या हव्या असल्यास दक्षिणेकडे पाठ करून उभे राहू नये. अनेक उपकरणांत ही सोय ‘वास’ या अमेरिकी प्रणालीच्या नावाखाली असते व ती बंद असू शकते.

परावर्तित संकेतांचा दोष ओळखणे सर्वांत कठीण. गोसीखुर्द जलाशयाचा पृष्ठभाग, पत्र्याची छपरे वा उंच खडकाळ कडे यांवरून उसळलेला तरंग लांबच्या वाटेने पोहोचतो. पडद्यावरील संकेतपट्ट्या उंच दिसतात, पण स्थान मात्र सरकलेले असते. तुमसर तालुक्यातील चिखला येथील भूमिगत खाणीत हे उपकरण अर्थातच निरुपयोगी ठरते. त्याच तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणीसारख्या खोल खड्ड्यात मात्र वेगळेच घडते. डोक्यावरचे चार-पाच उपग्रह दिसतात, परंतु क्षितिजाजवळचे भिंतींआड जातात. सर्व उपग्रह एकाच बाजूला गोळा झाल्याने छेदनाची भूमिती बिघडते व लहानशी चूक कित्येक पटींनी वाढते. काही तासांनी उपग्रहांची मांडणी बदलते; तेव्हा पुन्हा वाचन घेऊन पाहावे.

मोकळ्या रानात, उपकरण निर्दोष असतानाही संध्याकाळनंतर एकेक उपग्रह सुटू लागला, तर कारण आयनांबरात शोधावे [⟶ आयनांबर]. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते आणि त्यामुळे निर्माण होणारा इलेक्ट्रॉनांचा दाट पट्टा मध्य भारत व गुजरात यांवर येतो. सु. २१° उत्तर अक्षांशावरील भंडारा या पट्ट्याच्या दक्षिण कडेखाली येते. सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत, विशेषतः मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि सूर्यावरील डाग वाढलेल्या वर्षांत या थरात पोकळ्या निर्माण होऊन संकेत ताऱ्याप्रमाणे लुकलुकतो. यावर थांबण्याखेरीज उपाय नाही. दुपारी लुकलुक नसली, तरी तरंगांना होणारा विलंब सर्वाधिक असतो. त्यामुळे सकाळची वेळ उत्तम. दोन कंप्रता वापरणारी नवी उपकरणे हा विलंब स्वतःच काढून टाकतात. ‘गगन’चे एक निरीक्षण केंद्र नागपूरला, म्हणजे भंडाऱ्यापासून जवळच, असणे हीही या भागाच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे.

या सर्व दोषांची खरी किंमत जमिनीच्या मोजणीत मोजावी लागते. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये वैयक्तिक दाव्याची मर्यादा चार हेक्टर असली, तरी प्रत्यक्षातील अनेक तुकडे याहून पुष्कळच लहान असतात. ८० मी. लांब व ५० मी. रुंद अशा ०.४० हेक्टरच्या तुकड्याचे चारही कोपरे जर दोन्ही दिशांनी पाच-पाच मीटर आत नोंदले गेले, तर कागदावर ७० × ४० मी., म्हणजे ०.२८ हेक्टरच क्षेत्र उतरते. चुका दर वेळी अशाच एकवटतील असे नाही; पण पडद्यावरील ‘± ५ मी.’ हा कमाल चुकीचा आकडा नव्हे, तो उपकरणाचा स्वतःविषयीचा अंदाज आहे आणि परावर्तनाची त्याला कल्पना नसते. सर्व कोपरे सारखेच सरकले तर जागा चुकते, क्षेत्र चुकत नाही. म्हणून चारही कोपरे एकाच बैठकीत, एकाच उपकरणाने घ्यावेत; प्रत्येकावर काही मिनिटे थांबून सरासरी काढावी व निदान दोन बाजू फितीने पडताळाव्यात. कोपऱ्यांऐवजी सीमेवरून भराभर चालत घेतलेली रेषा झाडीखाली स्वीकारू नये.

शेवटी, ग्रहणदोष नसूनही त्याच्या नावावर खपणारी एक चूक राहते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या आधारप्रणालीवर चालते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरच्या ओपन सिरीज नकाशांना हीच प्रणाली वापरली आहे. जुन्या नकाशावर जीपीएसचे आकडे तसेच मांडले, तर भंडाऱ्याच्या परिसरात बिंदू शंभर मीटरांहून अधिक सरकतो. सर्व बिंदू एकाच दिशेला व सारख्याच अंतराने सरकलेले आढळल्यास आकाशाकडे न पाहता उपकरणातील आधारप्रणालीची निवड तपासावी.